अळी मोजणारे हात

इतिहास म्हटला की राजे आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. आज आम्हांला एका अळीचा आणि ती मोजणाऱ्या माणसांचा इतिहास सांगावयाचा आहे. आमचे शिक्षण झाले ते कामगार संघटनेच्या कचेरीत. त्यामुळे नव्या यंत्राची वार्ता आली की ते कोणाच्या श्रमावर चालते, हे आम्ही प्रथम विचारतो.

२००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीनवर तंबाखूची पाने खाणारी अळी तुटून पडली. लाखो हेक्टरांवरील पिकाची चाळण झाली. अळी काही एका रात्रीत आभाळातून पडत नाही. पानावर तिची मादी पतंग पुंजक्याने अंडी घालते. ते पुंजके वेळीच मोजणारी व्यवस्था नव्हती. या धड्यानंतर २००९ साली राज्याच्या कृषी खात्याने दिल्लीची कीड-व्यवस्थापन संशोधन संस्था आणि कृषी विद्यापीठे यांच्या साहाय्याने ‘क्रॉपसॅप’ हा प्रकल्प सुरू केला. सर्वेक्षकाने ठरलेल्या शेतांत जाऊन अळ्या मोजाव्यात, आकडा संगणकात भरावा, तज्ज्ञांनी तो पाहून सल्ला द्यावा आणि तो नोंदणी केलेल्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर लघुसंदेशाने पोचावा, अशी ही साखळी.

कीड दिसली की फवारा, ही जुनी रीत; ठरलेली पातळी ओलांडली तरच फवारा, ही नवी. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी ही पातळी कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री रोज ८ पतंग, अशी धरतात. म्हणजे वेळेवर आलेला एक खरा आकडा एक फवारणी वाचवू शकतो.

फवारणी वाचणे म्हणजे काय, हे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्याने दाखविले. प्रकल्पास तेव्हा ८ वर्षे झाली होती. बोंडअळी बीटी वाणालाही जुमानीनाशी झाली होती. उंच वाढलेल्या कपाशीत पाठीवर पंप घेऊन, तोंडाला फडके बांधून माणसे फवारीत होती. त्या हंगामात तेथे विषबाधेने २० हून अधिक माणसे दगावली. शेकडो रुग्णालयात गेली. त्यांत शेतमजूर पुष्कळ होते. सल्ल्याचा संदेश जातो तो शेतधन्याच्या नावाने. पंप असतो मजुराच्या पाठीवर.

१५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केली. मोबाइलने पानाचे छायाचित्र काढावे आणि संगणकाच्या कृत्रिम बुद्धीने कीड ओळखावी, अशी तिची योजना आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे; यंत्राशी आमचे वैर नाही. परंतु बोंडअळी बोंडात शिरली की तिचे छिद्र बुजते आणि बोंड वरून निरोगी दिसते. छायाचित्राला ती दिसावी कशी? तेथे कोणी तरी हिरवी बोंडे फोडून पाहावी लागतात, डोमकळ्या वेचाव्या लागतात, सापळ्यातील पतंग मोजावे लागतात.

म्हणून श्रोतेहो, आमचे मागणे दोन गोष्टींचे आहे. बोंड फोडून पाहणाऱ्या हाताला त्याच्या कामाचा पुरता दाम मिळावा, कारण त्याने अंदाजाने आकडा भरला तर पुढची सारी यंत्रणा त्या अंदाजावरच चालेल. आणि इशारा फवारणाऱ्या मजुरापर्यंतही, त्याच्या बोलीत, हातमोजे व मुखवट्यासह पोचावा. सुती कपडा आपण सारेच नेसतो. या हिशेबातून शहराला अंग काढून घेता येणार नाही.