आपापली बाटली, एकच पंगत



आमचा एक भाचा मेलबर्नला असतो. मध्यंतरी फोनवर त्याने एका जेवणाचं वर्णन केलं. आठ मित्रमंडळी, एक छोटंसं हॉटेल, आणि प्रत्येकाने वाइनची बाटली आपापल्या घरून आणायची. हॉटेलवाला जेवण देतो, पेले देतो आणि बाटलीमागे बूच काढण्याचे थोडे पैसे घेतो. बाटल्या कागदात गुंडाळलेल्या, त्यामुळे कोणाची कुठली ते कळत नाही. एकेक घोट घ्यायचा, चव सांगायची, ओळखायचा प्रयत्न करायचा. सगळं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "मामा, आपल्याकडे असं हॉटेल का नाही हो?"

मी स्वतः चहापलीकडे कधी गेलो नाही. पण प्रश्न इतिहासाचा निघाला आणि जुन्या मास्तराला तेवढं पुरतं.

पहिली गोष्ट ही, की मेलबर्नची ही रीत कुणाच्या रसिकतेतून जन्मलेली नाही, ती कायद्याच्या कडकपणातून आलेली आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, तिथल्या व्हिक्टोरिया राज्यात दारूची दुकानं संध्याकाळी सहाला बंद करण्याचा नियम झाला. तो पन्नास वर्षं, १९६६ पर्यंत टिकला. माणसं कमी प्यावीत हा हेतू. घडलं उलटंच. पाचला काम सुटलं की लोक धावत जात आणि तासाभरात उभ्याउभ्या मिळेल तेवढी ढोसून घेत. इकडे साध्या खाणावळींना दारूचा परवाना मिळणं कठीण. मग गिऱ्हाईकच बाटली घेऊन येऊ लागलं. शेजारच्या न्यूझीलंडने तर १९७६ साली अशा हॉटेलांसाठी वेगळा परवानाच काढला. म्हणजे आज ज्याला आपण चैन समजतो ती मुळात एक पळवाट होती. पण तिच्यामुळे एक चांगली गोष्ट झाली. दारू उभ्याने पिण्याच्या जागेवरून उठली आणि जेवणाच्या टेबलावर, बायकामाणसांच्या संगतीत येऊन बसली.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या राज्यात आजही १९४९ चाच दारूबंदी कायदा लागू आहे, नाव तेवढं 'मुंबई'चं 'महाराष्ट्र' झालं. त्याआधी १९३९ च्या ऑगस्टमध्ये डॉ. गिल्डर मंत्री असताना मुंबई शहरात दारूबंदीचा प्रयोग झाला होता. आमचा भाग तेव्हा मध्यप्रांतात, आणि तिथेही १९३८ साली दारूबंदीचा वेगळा कायदा झाला होता. पुढे विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्याला जोडला गेला आणि यथावकाश मुंबईचा कायदा आमच्या वाट्याला आला. बंदी पुढे सैल झाली खरी, पण कायदा रद्द न करता परवान्यांच्या खिडक्या उघडून. पिणाऱ्याला परवाना, विकणाऱ्याला परवाना, बसून पिण्याच्या जागेला परवाना. 'परमिट रूम' ही पाटी आपण इतकी वर्षं वाचतो, ती या इतिहासाची खूण आहे. याच कायद्याच्या ६८ व्या कलमाने विनापरवाना कुठलीही जागा लोकांना पिण्यासाठी चालवणं हा गुन्हा ठरतो, आणि ८४ व्या कलमाने तिथे पिताना सापडणारा गुन्हेगार. तेव्हा भाच्याचं उत्तर एवढंच. एखाद्या साध्या भोजनालयात आठ जण आठ बाटल्या घेऊन बसले तर मालकही अडकेल आणि आठही जण.

पण आपापलं घेऊन एकत्र बसण्याची रीत आपल्याला नवी आहे का? मुळीच नाही. तिला आपण अंगत-पंगत म्हणतो. शाळेत शनिवारी डबे उघडले की एकाची चटणी, दुसऱ्याची भाकरी, तिसऱ्याचं लोणचं फिरायचं. गोपाळकाला म्हणजे दुसरं काय? ज्याची त्याची शिदोरी, आणि कालवल्यावर सगळ्यांची.

ग्रीकांमध्येही ही चाल होती. झेनोफनने सॉक्रेटिसच्या आठवणी लिहिल्या आहेत, त्यात एक प्रसंग आहे. मित्र जेवायला येताना कोणी भरपूर आणत, कोणी थोडंसं. सॉक्रेटिस वाढणाऱ्याला सांगे, की ज्याने थोडं आणलंय ते एकतर सगळ्यांत ठेव, नाहीतर सगळ्यांना वाटून टाक. मग भरपूर आणणाऱ्यांना आपलं एकट्याने खायची लाज वाटे आणि तेही पंगतीत घालत. पुढे पुढे त्यांनी जास्त खर्चाचं आणणंच सोडलं. आपल्याकडे पंगतीत आणखी एक गाठ होती, ती जातीची. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी नुसता चहा घेतला तर ग्रामण्य उभं राहिलं, आणि रानडे-टिळकांसारख्यांपर्यंत प्रायश्चित्ताचा प्रश्न आला. कोणाबरोबर बसून काय घेतलं याला आपल्या समाजात एवढं वजन होतं.

आणि द्राक्षाची दारू? तीही जुनीच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. द्राक्षरसाच्या मद्याला तो 'मधु' म्हणतो आणि ज्या प्रदेशातून येतं त्यावरून त्याची नावं देतो, कापिशायन आणि हारहूरक. आजचे वाइनवाले मुलखाचं नाव अभिमानाने बाटलीवर छापतात, ते तेव्हाही होतं! पुढे 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात इटलीची वाइन उतरत असल्याची नोंद आहे, आणि नेवाशाच्या उत्खननात अशा मालाच्या कुंभांची खापरं सापडली आहेत.

याच प्रकरणात कौटिल्य मापं सांगतो. चांगल्या चालीच्या माणसाला पाव कुडुब, अर्धा कुडुब, एक कुडुब, फार तर एक प्रस्थ एवढीच घरी नेऊ द्यावी. बाकीच्यांनी पानगृहातच बसून घ्यावी, आणि तिथे वेगवेगळ्या खोल्या, आसनं, फुलं, पाणी असावं. आमच्या कुडव्याच्या नावाचा या कुडुबाशी संबंध आहे असं मी म्हणत नाही, गंमत म्हणून सांगितलं. पण महत्त्वाचं वाक्य पुढे आहे. कुटुंबांना सणकार्यासाठी घरी सुरा करायची मुभा द्यावी, उत्सव-यात्रांच्या वेळी चार दिवसांची सूट द्यावी, असं तो सांगतो. हेर नेमणारा, कर वसूल करणारा कौटिल्य! पण घरच्या कार्यात त्याने तेवढी जागा सोडली.

इंग्रजांनी ती सोडली नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळणं सरकारी ठेक्याखाली गेलं. १८९२ मध्ये तर खास मोहाचा कायदा झाला आणि ठाणे-कुलाबा भागात फुलं गोळा करण्यावर, बाळगण्यावर बंधनं आली. दारू दूरच, फूलच संशयित!

आमच्या झाडीपट्टीत मोह म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. मार्च-एप्रिलच्या पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो आणि बायका-पोरं टोपल्या घेऊन वेचतात. वाळवून ठेवलेली फुलं पोटाला आधार देतात, बियांचं तेल निघतं. आणि दारूही निघते. गोंड घरांत ती जन्म-लग्न-मरणाच्या विधीत असते. पिण्याआधी काही थेंब भुईवर, पूर्वजांसाठी सांडायचे, मग पानाच्या द्रोणातून सगळ्यांना. ही त्यांची पंगत. तिला कायद्याने 'हातभट्टी' केलं, आणि जे अंगणात चालायचं ते नाल्याकाठी, अंधारात गेलं.

मी दारूची तरफदारी करत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात कोणाचा बाप पितो हे मास्तरला हजेरीपटावरून कळतं. गडचिरोलीत लोकांच्या लढ्यातून १९९३ साली दारूबंदी आली. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. बंदीसाठी रस्त्यावर उतरलेल्या बायकांचं दुःख खरं आहे, आणि त्यापुढे माझा इतिहास लहान आहे. पण माप असतं ते पंगतीत. शेजारी बसलेली माणसं, समोरचं अन्न, घरातली वडीलधारी, ही सगळी मापंच आहेत. उभ्याने, लपून, एकट्याने पिणाऱ्याला माप सांगायला कोणी नसतं.

मला खटकतं ते दुसरंच. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, नाशिककडच्या वाइनला सवलती मिळाल्या, आता तिथे चव घ्यायला सहली जातात. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवू देण्याचा निर्णयही झाला होता, विरोधामुळे तो अडला. द्राक्षबागाईतदाराचं भलं झालं याचा आनंदच आहे. पण मोहफुलांवरचे गोळा करण्याचे, वाहतुकीचे निर्बंध राज्याने सैल केले ते २०२१ मध्ये. त्याच वर्षी पलीकडच्या मध्य प्रदेशाने आदिवासींच्या मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता देण्याचं जाहीर केलं. बालाघाट इथून हाकेच्या अंतरावर आहे. सीमेच्या त्या बाजूला जो वारसा, त्याचीच बाटली या बाजूला पंचनाम्यात.

द्राक्षाची चव सांगायला आपण नवे शब्द शिकलो, ते जरूर शिकावेत. पण पहाटे चार वाजता टोपली घेऊन निघणाऱ्या बाईच्या फुलाला त्या टेबलावर जागा कधी मिळणार, हा प्रश्न मी भाच्याला परत पाठवला आहे. तुम्हालाही विचारतो.