मोठें हृदय

मन मोठें असावें असें आपण सर्वच म्हणतों. परंतु ‘तुमचें हृदय मोठें झालें आहे’ असें डॉक्टरांनीं सांगितलें, तर सबंध घराचा धीर सुटतो. हें भय निराधार नव्हे. झडप नादुरुस्त झाली अथवा रक्ताचा दाब वाढला म्हणजे हृदय फुगतें आणि अखेरीस थकतें. पण वर्षानुवर्षें धांवणाऱ्या किंवा वल्हीं मारणाऱ्या निरोगी माणसाचेंही हृदय मोठें होतें. एकाच लक्षणाचे हे दोन अर्थ निराळे करण्यास वैद्यकास सुमारें शंभर वर्षें लागलीं.

वादास तोंड फुटलें इंग्लंडांत. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील विद्यार्थ्यांची थेम्स नदीवर नावांची शर्यत होत असते. १८६७ सालीं स्के नांवाच्या शस्त्रवैद्यानें ‘टाइम्स’ पत्रांत लिहून, असल्या श्रमांनीं तरुणांची प्रकृति बिघडते असा इशारा दिला. तेव्हां मॉर्गन या डॉक्टरानें, जो स्वतः वल्हीं मारलेला गडी होता, १८२९ ते १८६९ पर्यंतच्या शर्यतींतील २९४ जणांचा शोध घेतला व १८७३ मध्यें पुस्तक प्रसिद्ध केलें. विम्याच्या कोष्टकांशीं ताडून पाहतां, हे लोक अल्पायुषी नसून उलट सरासरीनें सुमारें दोन वर्षें अधिकच जगतात, असें त्याला दिसून आलें. मात्र मॉर्गननें आयुष्यें मोजलीं. हृदयांत काय घडतें हें त्याला पाहतां आलें नाहीं.

तें काम स्वीडनमधील उप्साला येथील प्राध्यापक हेन्शेन यांनीं १८९९ मध्यें हातीं घेतलें. बर्फावरून स्कीच्या लांब पट्ट्यांनीं घसरत जाणारे शर्यतीचे गडी त्यांनीं तपासले. साधन काय, तर स्वतःचीं बोटें! मडकें टिचकी मारून पारखावें, तशी छाती ठोकून, आवाज कोठें पोकळ व कोठें भरीव येतो यावरून त्यांनीं हृदयाची सीमा ठरविली. तें वाढलेलें आढळलें. पण तो रोग न मानतां, असें हृदय अधिक काम करूं शकतें आणि शर्यत जिंकतें तें मोठें हृदयच, असें त्यांनीं प्रतिपादिलें.

याचें कारण आतां समजलें आहे. विश्रांतीच्या वेळीं हृदय मिनिटाला सुमारें ५ लिटर रक्त पुढें लोटतें. कसलेल्या धांवणाऱ्याच्या पराकाष्ठेच्या श्रमांत हा आंकडा ३० लिटरांच्याही पुढें जाऊं शकतो. ठोक्यांची गति मर्यादेपलीकडे वाढत नाहीं. म्हणून दर ठोक्यास अधिक रक्त गेलें पाहिजे. त्यासाठीं हृदयाची पोकळी रुंदावते व तिच्या बेतानें भिंतीही जाड होतात. मग स्वस्थ असतांना ठोके सत्तरांवरून पन्नासांच्याही खालीं येतात. घाई करण्याची गरजच उरत नाहीं.

तरीही शंका मिटली नव्हती. अमेरिकेंत १९११ सालीं बोस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीपूर्वीं डॉक्टरांनीं क्लॅरेन्स डीमार या तरुणाची छाती तपासली. ठोक्यांबरोबर एक वेगळाच आवाज ऐकूं आला, आणि यापुढें धांवूं नये असा सल्ला त्याला मिळाला. त्याच दिवशीं तो पहिला आला! पुढें छापखान्यांत काम करून पोट भरणाऱ्या या गृहस्थानें ती शर्यत आणखी सहा वेळां जिंकली, व १९५८ मध्यें सत्तर वर्षांचा होऊन तो कर्करोगानें वारला. त्याच्या शवपरीक्षेची हकीगत १९६१ मध्यें प्रसिद्ध झाली. हृदयास रक्त पुरविणाऱ्या धमन्या नेहमींपेक्षां दुपटी-तिपटीनें रुंद होत्या. त्यांत थोडा थर बसला होता खरा, पण वाट मोकळीच होती.

मग हेन्शेन यांचा पूर्ण विजय झाला काय? तसेंही म्हणवत नाहीं. स्वीडनमध्येंच १९२२ पासून ‘वासालोपेत’ ही स्कीची ९० किलोमीटरांची शर्यत होत आली आहे. तींतील ५२ हजारांहून अधिक स्पर्धकांचा अभ्यास २०१३ मध्यें प्रसिद्ध झाला. ज्यांनीं ती अधिक वेळां पुरी केली, त्यांच्यांत हृदयाची लय बिघडण्याचें प्रमाण अधिक आढळलें. म्हणजे स्के यांची काळजीही सर्वस्वीं व्यर्थ नव्हती.

हृदय केवढें आहे, हा प्रश्न अशा रीतीनें अपुरा ठरतो. तें कशानें मोठें झालें, रोगानें कीं श्रमानें, हें आधीं विचारलें पाहिजे. आणि श्रमानें झालें असेल, तर ते श्रम किती, हेंही.