नगरसेवक कोणाला बांधील? पक्षाला की मतदारांना?

१९६७ साली हरियाणातील आमदार गयालाल यांनी अल्पावधीत तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम-गयाराम' हा शब्दप्रयोग रूढ झाला. या प्रवृत्तीला आळा घालण्यासाठी १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत दहावी अनुसूची समाविष्ट झाली. ती खासदार व आमदारांपुरती मर्यादित आहे. महाराष्ट्रातील महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांना मात्र 'महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६' लागू होतो.

या अधिनियमान्वये सदस्याने स्वेच्छेने पक्षाचे किंवा आघाडीचे सदस्यत्व सोडल्यास तो अपात्र ठरू शकतो. पूर्वपरवानगी न घेता पक्षादेशाविरुद्ध मतदान केल्यास अथवा मतदानास अनुपस्थित राहिल्यासही हेच घडते. अर्थात, पक्षाने १५ दिवसांच्या आत ते कृत्य क्षमापित केल्यास सदस्यत्व वाचते. अपक्ष म्हणून निवडून आलेल्याने नंतर एखाद्या पक्षात प्रवेश केल्यास तोही अपात्र होतो. अपात्रतेचा निर्णय महापालिकेबाबत विभागीय आयुक्त, तर अन्य संस्थांबाबत जिल्हाधिकारी देतात.

सदस्यत्व सोडण्यासाठी लेखी राजीनामाच हवा असे नाही. गोव्यातील रवी नाईक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये दहाव्या अनुसूचीचा अर्थ लावताना, सदस्याच्या वर्तनावरूनही तसा निष्कर्ष काढता येतो, असे स्पष्ट केले.

या साऱ्या तरतुदींत मतदार कोठे आहे? कायदा सदस्याला पक्षाशी बांधतो. प्रभागातील पाणी, रस्ते, कचरा यांविषयी दिलेली आश्वासने मोडल्यास कोणी अपात्र ठरत नाही. उलट, प्रभागाच्या हितासाठी पक्षादेश झुगारणाऱ्याचे पद धोक्यात येऊ शकते. नगरसेवकास मुदतीपूर्वी परत बोलावण्याचा अधिकारही मतदारांना नाही.

या पेचातून वाट दाखवणारे सूत्र किहोटो होलोहान खटल्याच्या १९९२ मधील निकालात सापडते. आमदार-खासदारांच्या संदर्भात न्यायालयाने म्हटले की, अपात्रता ओढवणारा पक्षादेश विश्वासदर्शक ठरावापुरता किंवा ज्या धोरणाच्या व कार्यक्रमाच्या आधारे पक्षाने मते मागितली त्यापुरताच असावा. म्हणजे पक्षनिष्ठेचे समर्थनही अखेर मतदारांना दिलेल्या वचनातच आहे. हे सूत्र पालिका सभागृहातही पाळले गेले, तर पक्षशिस्त आणि मतदारांप्रती कर्तव्य यांत विरोध उरणार नाही. तोवर जाहीरनामा जपून ठेवणे आणि सभागृहातील मतदानाचा हिशेब मागणे, हे मतदारांच्याच हाती आहे.