चौरंगीवरचे बँक्स

नेपाळच्या जुन्या राष्ट्रगीताची धून 1899 मध्ये बखतबहादुर बुढापिर्थी नावाच्या बँडमास्तरने बांधली, आणि ती 2006 पर्यंत वाजत राहिली. त्यांचा मुलगा पुष्करबहादुर यानेही पितळी वाद्यच हाती घेतलं, पण दरबारी सलामीसाठी नव्हे. दार्जिलिंगचा हा ट्रम्पेटवादक 1940 च्या सुमारास कलकत्त्याच्या युरोपीय बँडमध्ये गेला आणि पुष्करबहादुरचा जॉर्ज बँक्स झाला. हॉटेलांच्या नाचघरात पाश्चात्त्य नाव अंगावरच्या सुटाइतकंच उपयोगी पडत असे.

त्याची वाट आधी इतरांनी पाडून ठेवली होती. 1881 मध्ये कॅन्ससमध्ये जन्मलेला क्रिकेट स्मिथ हा कृष्णवर्णीय कॉर्नेटवादक 1913 मध्ये न्यूयॉर्कला जेम्स रीस युरोपच्या वाद्यवृंदात होता. म्हणजे ‘जॅझ’ हे नाव रूढ होण्यापूर्वीच. पुढे त्याने पॅरिस गाजवलं आणि 1936 मध्ये तो मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात स्वतःचा बँड चालवत होता. तिथे त्याच्या पियानोवर बसे टेडी वेदरफर्ड. शिकागोत लुई आर्मस्ट्राँगच्या जोडीने वाजवलेला हा माणूस 1926 मध्येच आशियाकडे निघाला, तो परत गेलाच नाही म्हणायचं.

युद्धकाळात वेदरफर्ड कलकत्त्याला, चौरंगी रस्त्यावरच्या ग्रँड हॉटेलात बँड चालवू लागला. मार्च 1942 मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशातून पळालेले वादकही कलकत्त्यात आले. क्लॅरिनेटवाला रूबेन सॉलोमन त्यांतलाच. अँग्लो-इंडियन, गोवेकर, बर्मी ज्यू अशा या मेळ्यात नेपाळी जॉर्ज बँक्सचा ट्रम्पेटही होता. आत अमेरिकन शिपाई नाचत. बाहेर 1943 चा दुष्काळ होता, आणि त्याचे बळी फुटपाथवर पडत होते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘स्टेट्समन’ने त्यांची छायाचित्रं छापली. हे दोन्ही एकाच रस्त्यावर चाललं होतं, हे कलकत्त्याच्या जॅझच्या रम्य आठवणी सांगणारे सहसा वगळतात.

वेदरफर्डलाही त्या शहराने सोडलं नाही. 25 एप्रिल 1945 रोजी, चाळिशी नुकतीच ओलांडलेला असताना, तो कॉलऱ्याने गेला. कॉलऱ्यामुळेच बंद पडलेलं ग्रँड 1938 मध्ये मोहनसिंग ओबेरॉय यांच्या हाती आलं होतं.

कलकत्त्याची पितळी वाद्यं अर्थात चौरंगीपुरती नव्हती. महात्मा गांधी रोडवर, म्हणजे जुन्या हॅरिसन रोडवर, मेहबूब बँडसारखे वरातीचे ताफे आजही बसतात; त्यांतले पुष्कळ वादक बिहारचे. जॅझच्या इतिहासांत त्यांना ओळभरही जागा मिळत नाही.

बँक्सच्या मुलाचा जन्म 1941 मध्ये दार्जिलिंगचा. नाव डंबरबहादुर, पण बापाने त्याला आर्मस्ट्राँगवरून लुई केलं. लुई बँक्स 1970 च्या दशकात पार्क स्ट्रीटच्या ब्लू फॉक्समध्ये पॅम क्रेनच्या गाण्याला साथ करत असे. राहुलदेव बर्मन यांनी त्याला तिथेच ऐकलं. पुढे तो मुंबईत आला, आणि 1988 च्या ‘मिले सूर मेरा तुम्हारा’मध्ये आपल्या अशोक पत्कींच्या बरोबरीने त्याचंही काम आहे.