मूतखड्यापासून टाचदुखीपर्यंत : आघात-तरंग चिकित्सेचा इतिहास आणि पुराव्याचा प्रश्न

प्रस्तावना :

एका व्याधीसाठी सिद्ध झालेले साधन पुढे निराळ्याच व्याधीसाठी वापरले गेल्याची अनेक उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात आढळतात. दाबाचे तीव्र तरंग शरीराबाहेर निर्माण करून त्वचेतून आत सोडणारी आघात-तरंग चिकित्सा, म्हणजेच प्रचलित भाषेतील 'शॉकवेव्ह थेरपी', हे त्यांपैकी एक होय. मूतखडा फोडण्यासाठी विकसित झालेली ही पद्धती आज टाच, कोपर व खांदा यांच्या जुनाट दुखण्यांवर वापरली जाते. महाराष्ट्रातील शहरांतील फिजिओथेरपी केंद्रांतही ती परिचित झाली आहे. या प्रवासात उपचाराचे यश ठरविण्याचा निकष कसा बदलत गेला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विमानविद्येतून वैद्यकात :

या चिकित्सेचा उगम रुग्णालयात नव्हे, तर विमाननिर्मितीच्या क्षेत्रात झाला. पश्चिम जर्मनीतील फ्रीड्रिक्सहाफेन येथील डॉर्निअर कंपनी १९६० च्या दशकात ध्वनीहून वेगवान विमानांवर पावसाच्या थेंबांचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास करीत होती. थेंबाच्या आघाताने उत्पन्न होणारा तरंग घन पदार्थात खोलवर शिरतो आणि आघाताच्या जागेपासून दूरही हानी करू शकतो, असे त्यातून दिसून आले. अशा एका प्रयोगाच्या वेळी लक्ष्यवस्तूस स्पर्श करणाऱ्या कर्मचाऱ्यास विजेच्या धक्क्यासारखी जाणीव झाली, ही १९६६ मधील घटना या विषयाच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. तरंग शरीरातून जाऊ शकतो, तर त्याचा उपयोग करून घेता येईल काय, हा प्रश्न येथून पुढे आला.

डॉर्निअरचे अभियंते आणि म्युनिक येथील ख्रिश्चन शाउसी, एगबर्ट श्मिट व वॉल्टर ब्रेंडेल हे वैद्यक यांच्या सहकार्याने या प्रश्नाचे उत्तर शोधले गेले. पाण्याखाली विजेची ठिणगी पाडून तयार केलेला तरंग लंबवर्तुळाकार परावर्तकाच्या साहाय्याने एका बिंदूवर एकवटावयाचा आणि त्या बिंदूवर खडा येईल अशा रीतीने रुग्णास पाण्याच्या टाकीत ठेवावयाचे, अशी ही योजना होती. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिक येथे पहिल्या रुग्णावर हा उपचार झाला. १९८४ च्या अखेरीस अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही डॉर्निअरच्या यंत्रास मान्यता दिली. ज्या खड्यांसाठी पूर्वी पोटावर मोठा छेद घ्यावा लागे, त्यांपैकी बरेचसे आता शस्त्रक्रियेवाचून निघू लागले. उपचाराचे फलित क्ष-किरण चित्रात प्रत्यक्ष दिसत असे, ही बाब येथे विशेष महत्त्वाची आहे.

हाडांकडे व कंडरांकडे :

तरंगांच्या मार्गात येणाऱ्या हाडावर काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठी १९८० च्या दशकात प्राण्यांवर प्रयोग झाले. त्यांत हाडाची हानी होण्याऐवजी नवीन अस्थिनिर्मितीला चालना मिळाल्याचे आढळले. १९९१ मध्ये बल्गेरियातील वॅलचानू व मिखायलोव्ह यांनी न जुळलेल्या अस्थिभंगांवरील अनुकूल अनुभव प्रसिद्ध केले. त्यानंतर खांद्याच्या कंडरेत साठलेले कॅल्शियम, टेनिस एल्बो आणि टाचदुखी यांवर विशेषतः जर्मन भाषिक देशांत हा उपचार वेगाने पसरला. ऑक्टोबर २००० मध्ये टाचदुखीसाठी 'ऑसाट्रॉन' या यंत्रास अमेरिकेत मान्यता मिळाली.

दरम्यान यंत्राचे स्वरूपही पालटले. संपीडित हवेने ढकललेला छोटा दट्ट्या टोकाच्या धातूवर आदळवून दाबलहरी निर्माण करणारी 'रेडियल' यंत्रे १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आली. या लहरी एका बिंदूवर एकवटत नाहीत, तर त्वचेपासून आत जाताना पसरत व क्षीण होत जातात. भौतिकशास्त्राच्या काटेकोर अर्थाने त्यांस आघात-तरंग म्हणता येत नाही. तरीही नाव तेच राहिले.

पुराव्याची कसोटी :

मूतखड्याच्या बाबतीत खडा फुटला की नाही, हे चित्र सांगत होते. वेदनेच्या बाबतीत मात्र रुग्णाचे कथन हाच मुख्य पुरावा असतो. शिवाय टाचदुखी बहुसंख्य रुग्णांत कालांतराने आपोआप कमी होते. अशा वेळी आभासी उपचार घेणाऱ्या गटाशी तुलना करणे अपरिहार्य ठरते.

अशा चाचण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी निघाले. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील बुखबाइंडर व सहकाऱ्यांनी टाचदुखीच्या १६६ रुग्णांवर केलेल्या चाचणीत आभासी उपचाराहून अधिक लाभ आढळला नाही. २००३ मध्ये जर्मनीतील हाके व सहकाऱ्यांच्या २७२ रुग्णांच्या चाचणीत बारा आठवड्यांनंतर यशाचे प्रमाण ३४ टक्के, तर आभासी उपचाराच्या गटात ३० टक्के होते. याउलट, त्याच वर्षी गेर्डेस्मायर व सहकाऱ्यांना खांद्यातील कॅल्शियमच्या १४४ रुग्णांत स्पष्ट लाभ दिसला. २००८ मधील त्यांच्याच रेडियल यंत्राच्या चाचणीत टाचदुखीवरील यश ६१ टक्के आढळले. तथापि आभासी उपचारानेही सुमारे ४२ टक्के रुग्णांना बरे वाटले होते, हे दुर्लक्षून चालणार नाही.

या विसंगतीची काही कारणे पद्धतीत आहेत. तरंगांची ऊर्जा, आघातांची संख्या आणि स्थानिक भूल यांबाबत एकवाक्यता नव्हती. भूल दिल्यास लाभ घटतो, असे २००५ मध्ये रोम्पे व सहकाऱ्यांनी दाखविले. क्रियेच्या स्पष्टीकरणातही बदल झाला. कॅल्शियम फुटते या मूळ कल्पनेच्या जोडीला, तरंगांमुळे पेशी उद्दीपित होऊन नव्या रक्तवाहिन्या फुटतात, हे मत पुढे आले. तैवानमधील वांग व सहकाऱ्यांच्या सशांवरील प्रयोगांनी त्यास आधार दिला. परंतु सशाच्या कंडरेतील रक्तवाहिनी आणि माणसाची कमी झालेली वेदना यांतील अंतर मोठे आहे. २००९ मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने टाचदुखीसाठी हा उपचार सुरक्षित असला तरी परिणामाचा पुरावा विसंगत असल्याचे म्हटले. खांद्याच्या कंडरांच्या विकारांवरील ३२ चाचण्यांच्या २०२० मधील कॉक्रेन समीक्षेतही रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे लाभ थोडेच आढळले.

निष्कर्ष :

१. आघात-तरंग चिकित्सेला मूतखड्याच्या क्षेत्रात मिळालेली प्रतिष्ठा वेदनेच्या क्षेत्रात पुराव्याच्या आधीच पोहोचली.

२. एकाच नावाखाली भिन्न ऊर्जेची व भिन्न तत्त्वांची यंत्रे वावरत असल्याने, 'ही चिकित्सा गुणकारी आहे काय' हा प्रश्न मोघम ठरतो. कोणत्या विकारावर, कोणत्या यंत्राने व किती मात्रेत, असे विचारल्यासच तो उत्तर देण्याजोगा होतो.

३. रुग्णास बरे वाटणे खरे असते. परंतु ते उपचारामुळेच वाटले, हे सिद्ध करण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्यावर राहते. महिनोन्‌महिने दुखणे सोसलेला रुग्ण आशेपोटी पैसा व वेळ खर्च करतो. त्यामुळे ही जबाबदारी केवळ शास्त्रीय नसून नैतिकही ठरते.