विमानाची वही

जळगाव आणि धुळ्याच्या धावपट्ट्यांवर शिकाऊ वैमानिक उतरला, की उड्डाणाचे तास वहीत लिहिले जातात. विमानाच्या इंजिनाचीही अशीच नोंद असते. तिच्यात कोणी खाडाखोड केली तर?

1991 साली हेबर आणि स्टॉर्नेटा यांनी तोड सुचवली: प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीचा गणिती ठसा गुंफायचा. जुना आकडा बदलला की पुढचे ठसे जुळत नाहीत. 2008 च्या बिटकॉइनच्या आराखड्यात हीच साखळी आली.

मग विमान कंपन्यांनी ती लगेच का उचलली नाही? 2023 मध्ये ब्रिटनमधील एका पुरवठादाराने इंजिनांचे सुटे भाग बनावट कागदपत्रांसह विकल्याचे उघड झाले. पहिलीच नोंद खोटी असेल, तर साखळी तीही इमानेइतबारे जपते! आम्हाला मात्र दुसरी अडचण मोठी वाटते: सामाईक वहीत आपले आकडे प्रतिस्पर्ध्याला दिसतील, ही धास्ती.