दाखल-खारीज

इंग्रजी साहित्याच्या वर्गात 'युद्धोत्तर बालपण' असा शब्दप्रयोग आला की, ठरावीक चित्रे उभी राहतात. शिधापत्रिकेवरचे मोजके लोणी, १९४६ पासून शाळेत फुकट मिळणारे दूध, अकराव्या वर्षी मुलांची वाटणी करणारी परीक्षा. त्या पिढीतल्या लेखकांनी आपल्या गल्लीबोळांवर इतके लिहिले आहे की लीड्स वा नॉटिंगहॅमची कामगारवस्ती आम्हांला वाचूनच ओळखीची झाली. रिचर्ड हॉगर्टसारख्या समीक्षकाने तर १९५७ मध्ये आपल्या बालपणाच्या वस्तीलाच अभ्यासविषय केले. ते शिकवताना आम्हांला नेहमी एक प्रश्न पडे : आमचे युद्धोत्तर बालपण कुठे गेले?

आमचे म्हणजे केनवडचे. रिसोड तालुक्यातले हे गाव. आमच्या लहानपणी जिल्हा अकोला होता. १९०५ पर्यंत वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता आणि १ जुलै १९९८ रोजी तो पुन्हा झाला, हे आम्हांला फार पुढे कळले. पत्त्यात 'जिल्हा अकोला' लिहिण्याची सवय आमच्या पिढीची अजून गेलेली नाही.

युद्ध आम्हीही पाहिले. म्हणजे ऐकले. डिसेंबर १९७१ मधले ते चौदा दिवस गावातल्या मोजक्या रेडिओंभोवती गेले. ढाका पडल्याच्या बातमीनंतर प्रभातफेरी निघाली आणि आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो. पण युद्ध हातात आले ते पाच पैशांच्या तिकिटाच्या रूपाने. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. म्हाताऱ्यांची पत्रे आम्ही पोरेच लिहून देत असू. या पाच पैशांचा हिशेब त्यांना समजावून सांगणे हे आमचे पहिले सार्वजनिक व्याख्यान. एका आजीने विचारले होते, 'त्याईच्याकडं पानी पडलं नाही का?' तिच्या लेखी माणूस गाव सोडतो तो पाण्यापायीच.

तिचा प्रश्न वर्षभरात आमच्यावरच उलटला. सलग दोन वर्षे हात आखडून बरसलेला पाऊस १९७२ मध्ये जवळजवळ आलाच नाही. आमच्याकडे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, कारण वऱ्हाडचा उन्हाळा. त्या वर्षी शाळा उघडली तरी उन्हाळाच होता. दसऱ्यापर्यंत वर्गातली बस्करे कमी होऊ लागली. घरातून आणलेला गोणपाटाचा तुकडा हे आमचे आसन. तो दिसला नाही की पोर दुष्काळी कामावर गेले असे समजावे. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे या कामांवर होती. अभ्यासकांच्या पुस्तकांत हा आकडा आदराने येतो, आणि यावा. एवढ्या मोठ्या अवर्षणात माणसे मोठ्या संख्येने भुकेने मेली नाहीत, ही लहान गोष्ट नव्हे. रोजगार हमीचा पुढचा कायदा याच अनुभवातून आला. परंतु आमच्या स्मरणात तो आकडा नाही. खडीच्या ढिगामागे सावलीला निजवलेली लेकरे आहेत. परदेशातून आलेल्या मिलोची लाल भाकरी आहे, आणि सुकडीचा गोड, पिठूळ वास आहे. लोणी मोजून मिळाल्याचे दुःख लिहिणाऱ्या इंग्रज लेखकांना आम्ही पुढे वाचले तेव्हा, खरे सांगायचे तर, थोडे हसू आले. ते हसू बरोबर नव्हते. भूक दुसऱ्याच्या मापाने मोजता येत नाही.

आणि येथे 'आम्ही' या शब्दाशीच अडखळायला होते. ज्यांच्या घरी कणगीत जुनी ज्वारी होती ते 'आम्ही' शाळेत राहिलो. जे खडी फोडायला गेले त्यांची आठवण आज आम्हीच सांगत आहोत. मुलींचे तर बस्कर कधी उचलले गेले याकडे आमचे लक्षही नव्हते. आठवणींच्या लेखनात हा दोष सर्वत्र असतो. ज्याची शाळा सुटली नाही तोच शाळेवर लिहितो.

त्यात भाषेची एक गंमत होती. घरी आम्ही 'वावरात' जात असू, पुस्तकातला शेतकरी 'शेतात' जाई. घरी 'मले', 'तुले'; पुस्तकात 'मला', 'तुला'. बालभारतीची स्थापना १९६७ ची. तिची सुबक, सचित्र पुस्तके आमच्या हाती आली हे आमचे भाग्यच. तरी 'माझी सुट्टी' या निबंधात आम्ही समुद्र, नारळीची झाडे आणि आजोळची हापूस आंब्यांची अढी लिहीत असू. समुद्र कुणीही पाहिलेला नव्हता. दुष्काळाच्या वर्षीही आमच्या वहीत नद्या दुथडी भरून वाहत होत्या, आणि त्यासाठी दहापैकी आठ गुण मिळत. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० मध्येच प्रसिद्ध झाली होती. वऱ्हाडी बोली छापील पुस्तकात येऊ शकते हा पुरावा आमच्या जन्माच्या आगेमागेच सिद्ध झालेला होता. तो आमच्यापर्यंत पोहोचला महाविद्यालयात.

असो. आमच्या बालपणाचे कादंबरीपेक्षा भरवशाचे मानले जाणारे एक पुस्तक मात्र आहे : दाखल-खारीज रजिस्टर. नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस, नाव खारीज झाल्याचा दिवस आणि कारण. आमच्यापैकी कितीतरी जण त्यात १ जुलैला जन्मले आहेत. तारीख कुणालाच ठाऊक नसे, आणि पोर सहा वर्षांचे दिसले की गुरुजी शाळेच्या आरंभाला धरून एक तारीख टाकत. त्यांचा दोष नाही. त्यांनी न टाकती तर रकाना रिकामा राहता आणि पोर बाहेर.

आमचा एक वर्गमित्र १९७२ च्या दिवाळीनंतर परतला नाही. अलीकडे त्याला वृद्धांच्या निवृत्तिवेतनासाठी वयाचा पुरावा हवा होता. दाखला काढला तर जन्म १ जुलै १९६१. त्याची आई सांगत असे, महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यातला तू, म्हणजे १९६०. पासष्टीची अट या चौदा महिन्यांनी पुढे गेली. आम्ही त्याला म्हटले, अर्ज करू, प्रतिज्ञापत्र देऊ. तो रजिस्टरची झेरॉक्स डोळ्यांजवळ धरून दुसराच रकाना वाचत होता. खारीज होण्याचे कारण : 'सतत गैरहजर'.

'मी तं रोज हजर होतो ना बाप्पा,' तो म्हणाला. 'खडीवर.'